हुकमीशेठचं बोट

पैज लागली ती एका बोटावरून. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. मालक हुकमीचंद शेठ, कापडवाले, नंदुरबार.

शेठचं दुकान आणि माझं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. त्यांच्याकडे साड्या, लुगडी, ड्रेस मटेरियल. माझ्याकडे जळालेल्या मोटारी. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत घालून माझ्याकडे आणतो, मी आतली तार उपसून नवी भरतो. कोळसा झालेल्या तारेचा वास आणि शेजारच्या नव्या कापडाचा वास एकत्र झाला की जो वास होतो, तो आमच्या गल्लीचा. दुसरीकडे कुठे मिळत नाही.

शेठ जन्मभर गादीवर बसले आणि बोटानं दुकान चालवलं. ते थान काढ, तो गठ्ठा उचल, त्या पाहुण्यांना पाणी दे, सगळं बोटानं. नोकर त्यांच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, बोटाकडे बघायचे. अडचण एवढीच, की बोट थानावरून उठून गिऱ्हाइकावरही जायचं. मागच्या लग्नसराईत एक पार्टी आली होती, म्हसावदकडची. बस्ता बांधायचा होता, म्हणजे पूर्ण लग्नाचं कापड एकाच दुकानातून. शेठनी गादीवरून नवरीच्या मावशीवर बोट रोखलं आणि नोकराला म्हणाले, "त्या मावशीले पाचवारी नको दखाडू, पुरावनार नही. नऊवारी काढ."

सगळी पार्टी उठली आणि समोरच्या दुकानात गेली. मावशी सगळ्यात पुढे.

त्या दिवशी त्यांच्या मुलानं, जिनेशनं, वडिलांना गादीवरून उठवलं. भांडण नाही, तंटा नाही. "पप्पा, आता आराम करा," एवढंच म्हणाला. पूर्वी शेठ पहाटेच्या गाडीनं सुरतेला जाऊन माल आणायचे, ते तर जिनेशनं आधीच बंद केलं होतं. तो मोबाईलवर फोटो बघून माल मागवतो. राहिली होती गादी, तीही गेली.

मग शेठ कुठे बसणार? माझ्या बाकावर. सकाळी पूजा करून यायचे, दुपारी जेवायला जायचे, परत यायचे, जैन माणूस म्हणून सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायला घरी जायचे. मधल्या वेळात माझ्या मोटारींवर बोट. "चुनीलाल, तो तार ढिला शे." "चुनीलाल, त्या गिऱ्हाइकले बठाले सांग." एकदा तर माझ्या टकलावर बोट रोखून रंजनाला म्हणाले, "वहिनी, याले टोपी तरी ली द्या." रंजना म्हणजे माझी बायको. ती हसली. ती माझ्या टकलावर कधी हसत नाही, असा माझा समज होता.

तर त्या दिवशी चहा आला होता. शेठ, मी आणि आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा जिनेश. शेठनी बशीतला चहा फुंकत चहावाल्यावर बोट रोखलं, "याना चहामा साखर जास्ती शे."

मी म्हटलं, "शेठ, तुमी एक दिन बोट न दखाडता ऱ्हाईसन दखाडा. मन्ही पैज."

"एक दिन काय, वरीसभर ऱ्हासू."

"वरीस नको. एकच दिन. येता रविवार, शांतीबाईना बेटवर."

ही शांतीबाई आणि तिचा नवरा वाहरूदादा कोरीटच्या पुढे तापीच्या पात्रात टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीच्या मधोमध वाळूचा लांबट पट्टा उघडा पडतो, दोन्ही अंगांनी पाणी. होडीनंच जावं लागतं. त्यांच्या पाणी ओढायच्या इंजिनचं काम माझ्याकडे असतं, म्हणून दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी शांतीबाई मला जेवायला बोलावते. या वर्षी म्हणाली होती, कोणाला आणायचं तर आण.

शेठ म्हणाले, "आनि तू?"

"मी काय?"

"पैज एकलानी नही ऱ्हास. होडीमा पाय ठेवा तधळपासून परत काठवर उतरा तोपावत, तू बी बोट नही दखाडानं."

मला त्यात काही अवघड दिसलं नाही. माझं सगळं काम हातानं आहे, बोट दाखवायला मला नोकर नाही.

हरणाऱ्यानं काय करायचं ते मीच सुचवलं. आखाजीच्या आदल्या दिवशी शांतीबाई आमच्याच गल्लीत ढीग लावते. हरणाऱ्यानं दिवसभर त्या ढिगाजवळ बसायचं, ओरडून टरबुजं विकायची, आणि ज्याला टरबूज वाजवून पाहायचं असेल त्यानं शेजारी हरणाऱ्याचं डोकंही वाजवून पाहायचं. आवाजात फरक कळावा म्हणून. शेठच्या डोक्यावर भर बाजारात टिचक्या पडताहेत, हे चित्र मला त्याच वेळी दिसलं, आणि चहा नाकात गेला.

पायरीवरून जिनेश म्हणाला, "काका, माझंही ऐका. पप्पा एक दिवस बोट आवरून परत आले ना, तर दुसऱ्या दिवसापासून गादी त्यांची. मी काउंटरला उभा राहीन."

तो गमतीत म्हणाला. पण शेठनी बशी खाली ठेवली. चहा अर्धा होता. "वचन?" म्हणाले.

जिनेश जरा गडबडला. मग म्हणाला, "वचन."

शेठनी उरलेला चहा प्यायलाच नाही.

रविवारी सकाळी माझ्या मोटरसायकलवर निघालो. शेठच्या खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात उकळून गार केलेल्या पाण्याच्या बाटल्या. मी रंजनाचा मोठा स्टीलचा डबा घेतला होता, परत येताना डांगर भरून आणायला. तो डबा तिच्या माहेरचा आहे. तो देताना तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं लोक मुलगी सासरी पाठवतात.

काठावर वाहरूदादा होडी घेऊन उभा होता. मी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवला, डबा होडीच्या टोकाला. चपलाही तिथेच. शेठनी पिशवी खांद्यावरून उतरवली नाही. होडीत पाय ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले, शाळेतल्या पोरासारखे.

वाहरूदादा बांबूनं होडी ढकलू लागला. मी लगेच कामाला लागलो.

"शेठ, ते काय बसेल शे पानीमा? बगळा का करकोचा?"

"बगळा."

"कोन्ता? डावा का उजवा?"

"दोन्ही."

"आनि आपलं नंदुरबार कोन्त्या अंगले ऱ्हायनं हो आते?"

"जठून उनूत तठे." हात पाठीमागेच.

वाहरूदादाला पैजेचं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "शेठजीना हातले काय लागनं का?"

बेटावर पाय ठेवला तर वाळू तापायला लागलेली. लांबच लांब चर, त्यातून वेल पसरलेले, मध्ये मध्ये मोठाली टरबुजं नुसती पडलेली. एका टोकाला तुराट्यांचा मांडव, तिथे चूल. शांतीबाई पदर खोचून पुढे आली.

"या चुनीभाऊ. या शेठजी. पैले एक सांगस. वेलले दुसरा बहार येल शे, कवळी फळं शेतस. त्यास्ले बोट नका दखाडा. बोट दखाडं का फळ सडी जास. दखाडनं ऱ्हायनं त आशी मूठ." तिनं मूठ आवळून एका वेलाकडे केली. वेलाखाली लिंबाएवढं टरबूज होतं, अंगावर बारीक लव.

हे काही मला नवीन नव्हतं. माझी आईसुद्धा घरावरच्या दुधीभोपळ्याला मूठच दाखवायची. खरं की खोटं ते माहीत नाही. आमच्या गावात कोणी तपासून पाहिलं नाही. आपला दुधी कोण सडवणार?

शेठनी मात्र शांतीबाईची मूठ नीट पाहून घेतली. स्वतःची मूठ आवळली, उघडली, पुन्हा आवळली. मग म्हणाले, "बेस शे."

तिथेच मी सावध व्हायला पाहिजे होतं. मी काय केलं, शांतीबाईला पैज सांगून टाकली. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "मंग साक्षीदार मी. मन्ही नजर तं तशीबी बोटेसवरच ऱ्हास."

जेवणाआधी टरबूज कापायचं होतं. मी सुरी घेतली आणि शेठना मळ्याच्या मधोमध नेलं. आजूबाजूला पन्नास तरी टरबुजं. मला वाटलं, आता बोट नाही तर काय करतील?

"शेठ, पाव्हना तुमी. तुमीच सांगा, कोन्तं कापू?"

शेठ हात पाठीमागे घेऊन फिरू लागले. आभाळाकडे बघितलं. इंजिनकडे बघितलं. शांतीबाईला, इंजिन किती पाणी ओढतं, वगैरे विचारलं. मग एका वाकड्या, चपट्या टरबुजाजवळ थांबले आणि म्हणाले, "हाई बेस दिखस."

शांतीबाई म्हणाली, "ओ शेठजी, ते तं बकरीले ठेयेल शे!"

"हां? मंग ऱ्हाऊ द्या." दोन पावलं पुढे गेले. "मंग हाऊच काप. माले काय, सगळा सारखाच."

शांतीबाईचं हसू थांबलं. तिनं शेठकडे पाहिलं. "ते उद्या बाजारमा सगळास्ना वर ठेवाले राखेल व्हतं," म्हणाली. मग स्वतःच देठ मोडून माझ्या हातात दिलं. सुरी टेकवली तर टरबूज आपोआप तडकलं. आत लालभडक, साखर दिसत होती. मी म्हटलं, शेठचं नशीब.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर, मुगाची डाळ आणि ठेचा. शांतीबाईनं शेठसाठी ठेच्यात लसूण घातली नव्हती, कांदा मांडवाबाहेर ठेवला होता. शेठ वाळूवर मांडी घालून जेवले, भाकरीचा तुकडासुद्धा सांडला नाही. वाढताना शांतीबाईनं विचारलं, काय पाहिजे? शेठनी डाळीच्या पातेल्याकडे मूठ केली. मला विचारलं, तर मी ठेच्याकडे हनुवटी उडवली. बोटावर माझाही जीव होता.

उन्हं डोक्यावर आली. पैज हातातून चालली होती. साप आला असं ओरडून झालं, शेठ नुसते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे त्याले, त्याना बी जीव शे." मागे बाई बुडतेय म्हटलं, तर मागे वळूनही पाहिलं नाही. माझी अक्कल संपत आली.

मग मला होडी दिसली.

वाहरूदादानं ती मांडवापासून थोड्या अंतरावर खुंटीला बांधली होती. या अंगाला पाणी कमरेएवढंच. खालच्या अंगाला अजून एक वाळूचा पट्टा, तिथे होडी आपोआप अडकली असती. म्हणजे नुकसान काही नाही. मी विचार केला, होडी सुटून चालली की जगातला कोणताही माणूस बोट करून ओरडतो. शेठ तर करणारच. हात धुवायला म्हणून गेलो, गाठीत बोट घातलं, सैल केली, परत येऊन शेठसमोर बसलो. माझी पाठ नदीकडे, त्यांचं तोंड नदीकडे. टरबुजाची फोड घेतली आणि वाट बघत बसलो.

शेठ माझ्या मागे पाहात होते. मी त्यांचे डोळे बघत होतो. डोळे हळूहळू डावीकडे सरकायला लागले. म्हणजे होडी सुटली. मी मनात म्हटलं, आता.

शेठनी एक बी काढून पानावर ठेवलं.

डोळे अजून डावीकडे. दुसरं बी काढलं. त्याच्याशेजारी ठेवलं.

"शेठ, काही दिखस का?"

"काय दिखाले पाहिजे?"

"नही, सहज."

"सहजच बसेल शे मी."

डोळे इतके डावीकडे गेले की मान वळवावी लागली. त्यांनी मान वळवली, पण हात मांडीखाली दाबून ठेवले. दोन्ही. मी त्यांच्या हातांकडे बघितलं तर मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या. माणूस काहीतरी धरून ठेवतो तशा. तेवढ्यात मला आठवलं की डबा होडीत आहे.

रंजनाचा डबा. डब्यात मोबाईल. मागे वळून बघावं तर शेठना कळेल की मला माहीत होतं. नाही बघावं तर डबा सुरतेला. तापी तिकडेच जाते.

आणि नदीच्या मध्यातून कोंबडा आरवला.

माझ्या मोबाईलची रिंगटोन कोंबड्याची आहे. रंजनाचा फोन असणार, दुपारी ती करतेच. स्टीलच्या डब्यातून तो आवाज असा घुमला, की जणू तापीच्या पोटात खुराडं आहे. मांडवात आडवा झालेला वाहरूदादा दचकून उठला.

"आठे कोंबडा कोठून उना?"

"तो काय, होडीमा!" मी म्हणालो. उभाही राहिलो होतो. आणि माझा उजवा हात पूर्ण ताणलेला होता, त्याच्या टोकाला बोट.

कोंबडा दोनदा आरवून थांबला.

शांतीबाईनं ओला फडका माझ्या हातावर हाणला. "मेल्या, कवळा फळेसवरून नेमकं!" खरंच, माझं बोट होतं ते बरोबर दुसऱ्या बहाराच्या वेलांवरून. तिला पैजेचं सुचलंच नाही, आधी तिनं वाकून लिंबाएवढी सगळी टरबुजं पाहिली. मग शेठकडे वळून म्हणाली, "शेठजी, दिखनं हो. साक्षीदारले दिखनं."

शेठनी मांडीखालून हात काढले. बोटं पांढरी पडली होती. ती चोळत बसले.

वाहरूदादानं पाण्यात उतरून होडी धरून आणली. खालच्या पट्ट्यावर अडकलीच होती, माझा हिशेब तेवढा बरोबर होता. डबा कोरडा होता. त्यानं गाठ हातात घेऊन बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "मी गाठ मारस ती सुटत नही," एवढंच बोलला.

परत येताना होडीत मी विचारलं, "शेठ, होडी चालनी ते तुमी देखं व्हतं ना?"

"होडी चालाना आधी तुले गाठ सोडतांना देखं व्हतं."

"मंग बोलनात का नहीत?"

शेठ अजूनही हात पाठीमागेच ठेवून होते, काठ यायचा होता. म्हणाले, "चुनीलाल, तू माले गादीवर देखेल शे. सुरतमा नही देखेल. गादीवर बोट लागस. सुरतमा जर बोट दखाडं का हाऊ थान पाहिजे, तं मेला आपन. व्यापारी भाव चढाई देस. आपलं मन ज्यावर शे, तठे देखानं बी नही. बाजूना फाटका थान चांगला म्हनानं, मंग सहज म्हनानं, ऱ्हाऊ द्या, हाऊच द्या. चाळीस वरीस हात मांगे बांधीसन माल लिधा."

मला टरबूज आठवलं. वाकडं, चपटं, आणि त्याच्या बाजूचं.

"आज तं पूर्न दिन सुरतच व्हतं मन्हासाठे," शेठ म्हणाले. "गादी दिखी ऱ्हायनी व्हती समोर. मंग होडीले कसाले बोट दखाडू?"

काठावर उतरल्यावर शेठनी पहिलं काय केलं असेल? मला वाटलं, आता दोन्ही हातांची दहा बोटं दाखवतील. त्यांनी नुसती पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

जिनेशनं वचन पाळलं. थोडं तोंड वाकडं करून, पण पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पांढरे कपडे घालून गादीवर. माझा बाक मोकळा झाला. मी त्यावर तारेची बंडलं ठेवली, तर संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं की कोणाच्या तरी मांडीवर ठेवलीत.

आखाजीच्या आदल्या दिवशी शांतीबाईनं शेठच्या दुकानासमोर ढीग लावला. एका अंगाला टरबुजं, दुसऱ्या अंगाला डांगर. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या घागरीवर डांगर ठेवतात, त्यामुळे त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ढिगाच्या मधोमध पोत्यावर मी. डोकं तेल लावून आणलं होतं, लपवण्यात अर्थ नव्हता.

"या हो या! तापीना लालभडक टरबूज! वाजाडीसन ल्या! वाजाडीसन ल्या!"

पैजेची बातमी गल्लीत आधीच फिरली होती. पहिला आला चहावाला. त्यानं टरबूज वाजवलं, ठक. मग माझं डोकं वाजवलं. कान लावून ऐकलं आणि शांतीबाईला म्हणाला, "टरबूजच द्या." मग रांग लागली. ज्यांच्या मोटारी मी वेळेवर दिल्या नव्हत्या ते जरा जोरात वाजवून गेले. रंजना आली. तिनं टरबूज न वाजवताच माझं डोकं वाजवलं, आणि डबा भरून डांगर घेऊन गेली. त्याच डब्यात.

बसल्या जागेवरून मला शेठचं दुकान पूर्ण दिसत होतं. दुपारी एक बस्ता आला. नवरीबरोबर जाडजूड आत्या. जिनेश काउंटरवर घामाघूम. शेठचा उजवा हात वर उठला. जिनेशनं डोळे मिटले.

शेठनी आत्याकडे मूठ केली.

आवळलेली मूठ, सरळ तिच्या नाकासमोर. आत्या एक पाऊल मागे सरकली. मी ओरडायचा थांबलो. तेवढ्यात आमच्या ढिगाजवळून शांतीबाई मोठ्यांदा म्हणाली, "घाबरू नका ओ बाई! शेठजी तुमले कवळं फळ समजतस!"

आत्या आधी शांतीबाईकडे बघत राहिली, मग शेठच्या मुठीकडे, आणि मग अशी हसली की खुर्ची मागवून बसली. बस्ता तिथेच बांधला. नवरीच्या आधी आत्यानं आपली साडी निवडली.

संध्याकाळी ढीग संपत आला. माझा घसा बसला होता, टाळू लाल झाली होती. सूर्य मावळायच्या आत शेठ जेवायला घरी निघाले. हात पाठीमागे. रस्त्यात थांबले. गल्लीतले सगळे गोळा झाले, कारण शेठनी अजून वाजवलं नव्हतं.

शेठनी आधी एक टरबूज वाजवलं. मान हलवली. मग माझ्या डोक्यावर वाकले, एक टिचकी मारली आणि कान जवळ आणून बराच वेळ ऐकलं.

"शांतीबाई," ते म्हणाले, "हाई आजून कवळं शे. याले कोनी बोट नका दखाडा."

सगळ्या गल्लीनं माझ्याकडे मुठी केल्या.

मी पोत्यावर सरळ बसलो. तीन टरबुजं उरली होती आणि दिवस अजून पूर्ण मावळला नव्हता.

"या हो या," मी म्हटलं, "वाजाडीसन ल्या."